आबांची घोडशीर

आमचे आबा, म्हणजे त्रिंबक, कन्नडजवळच्या वस्तीवरचे मेंढपाळ. त्यांची ओळख करून घ्यायची तर तोंड बघून उपयोग नाही, पाय बघावे लागतात. तोंडानं आबा दिवसाकाठी चार वाक्यं बोलत असतील, त्यातली तीन मेंढरांशी. आईच्या वाट्याला एक यायचं, तेही 'भाकर दे' एवढंच. पण पाय! पोटऱ्या दगडासारख्या, टाचेच्या भेगा चार आण्याचं नाणं उभं राहील अशा. ऊन असो, पाऊस असो, आबा कळपाच्या पुढं. आमच्यात जो पुढं चालतो तो वाट ठरवतो, पाणी कुठं पाजायचं ते ठरवतो, तळ कुठं टाकायचा तेही ठरवतो. बाकीचे मागून 'हुर्र हुर्र' करत येतात. दिवाळी झाली की मेंढरं डोंगराच्या पायवाटेनं घाट उतरून खानदेशात चरायला जातात. मला आठवतंय तेव्हापासून त्या वाटेवर पहिला पाय आबांचा पडत आलाय. कुणी त्यांना 'दमलात का' विचारलं तर शिवी दिल्यासारखं बघायचे.

मी त्यांची लेक, अंबिका. लग्न होऊन शहरात आले, जालना रोडकडच्या एका हाडांच्या दवाखान्यात मावशीचं काम करते. पेशंटला उठवणं, बसवणं, ऑपरेशनला आत न्यायचं, बाहेर आणायचं. हे सांगते ते मोठेपणा म्हणून नाही. नुसत्या चालीवरून माणसाचं काय दुखतंय ते मला कळायला लागलंय, म्हणून सांगते. नाहीतर आबांनी आम्हाला पत्ताच लागू दिला नसता.

झालं असं. चैत्रात एक मेंढी ओढ्यापलीकडं चुकारपणा करत होती. आबांनी तिला वळवायला ओढ्यावरून उडी टाकली आणि मागून टाचेच्या वर फाडकन काठी बसली. आबांनी मागं वळून बघितलं तर त्यांचा धाकटा भाऊ कडुबा काठी घेऊन उभा.

"कडुब्या, काठी का हाणली रं मला?"

"मी कशाला हाणू? येड लागलं का दादा?"

"मग कुणी, तुझ्या बापानं?"

बाप दोघांचा एकच, पण रागात कोण हिशेब ठेवतो. दोघं भाऊ पंधरवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. कडुबाकाका देवाची शपथ घेऊन सांगायचा की माझी काठी खांद्यावर होती, आणि खरंच होती बिचाऱ्याची. कारण काठी बसलीच नव्हती. आतली शीर तुटली होती. आमच्या दवाखान्यात मी कितीतरी बघितलेत, ही शीर तुटली की माणूस आधी मागं वळून बघतो. बॅडमिंटन खेळताना एका बँकेतल्या साहेबाची तुटली, तर त्यानं मागच्या दोस्ताच्या कानाखालीच ओढली होती.

पुढं भावाभावांचं भांडण मिटलं. कशानं मिटलं विचारा. डागानं! आमच्यात मेंढरू लंगडलं की डाग, पोट फुगलं की डाग, माणूस लचकला तरी डागच. कडुबाकाकानं गोवऱ्यांत विळा लाल केला आणि आबांच्या टाचेच्या वर तीन चरके दिले. आबांनी 'हं' सुद्धा केलं नाही. उलट, "आता बरं वाटतंय," म्हणले. बरं वाटणारच, वरून इतकं जळल्यावर आतलं कशाला आठवतंय! पुढं महिनाभर ते चिघळलं, मग भरलं, आणि तिथं पातळ, चकचकीत, हाडाला चिकटलेली कातडी राहिली. आबा मात्र त्याच पायानं मेंढरांच्या पुढं. थोडी लंगड, बस्स.

जेठात माझ्या लेकीचं जावळ होतं, त्याला आबा आणि आई आले. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी खालून आबांना जिना चढताना बघितलं आणि हातातलं ताट तिथंच पायरीवर ठेवलं. उजवा पाय सगळाच्या सगळा फळीसारखा पायरीवर टेकायचा. टाच उचलून पुढं रेटा देणं म्हणून असतं ना, ते नव्हतंच.

"आबा, जरा उभं राहा. टाच वर करा."

"कशाला?"

"करा म्हणते ना."

डावी टाच वर झाली. उजवी जमिनीला खिळल्यासारखी.

"चालतोय की मी," आबा म्हणले.

"चालत नाही, ओढताय!" मी ओरडलेच. पाहुण्यांसमोर ओरडले, आईनं डोळे वटारले, पण मला राग आवरेना. दुसऱ्या दिवशी कोंबून रिक्षात बसवलं. रिक्षावाला मोठा गोड माणूस, म्हणतो, "चाचा, पाँव उप्पर लेके बैठो, आराम से. बेटी ग़ुस्सेवाली है तुम्हारी."

"लई," आबा म्हणले. दिवसातलं एक वाक्य संपलं.

तनुजा मॅडम आमच्याकडं फक्त पायाची ऑपरेशनं करतात. त्यांनी आबांना पालथं झोपवलं, पाय टेबलाबाहेर लोंबते ठेवले आणि पोटरी हातानं दाबली. डावी दाबली की पावलानं मान डोलावली. उजवी दाबली तर पाऊल गप्प. मग फोटो काढून आणले, आणि मॅडम म्हणाल्या, "बाबा, तुमची घोडशीर तुटली आहे. तीनेक महिने झालेत. तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब सरकली आहेत."

घोडशीर म्हणजे पोटरीपासून टाचेपर्यंत येते ती जाड दोरी. आबांना बाकी काही कळलं असेल नसेल, तेवढा शब्द कळला. मेंढपाळाला तो समजावून सांगावा लागत नाही. लांडगा मेंढरावर मागून येतो आणि आधी तीच शीर तोडतो. मग ते मेंढरू पुन्हा उभं राहत नाही. 

बाहेर बाकावर बसल्यावर आबा म्हणले, "शिवाला फोन लाव. मेंढरं इकून टाक म्हणावं."

शिवा म्हणजे शिवशंकर, माझा भाऊ. "अहो पण का?"

"घोडशीर तुटलेलं कळपात ठेवत नसतेत अंबे. मी सोता किती कसायाला दिलेत. आता माझी पाळी."

इतकं लांब ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला एवढं रडू आलं की बाजूच्या पेशंटनं पाण्याची बाटली पुढं केली. आणि राग तर असा आला की विचारू नका. म्हटलं, "तुम्ही मेंढरू आहात का? चला परत आत!"

आत मॅडमनी टाचेचा वरचा भाग नीट बघितला. "हे काय झालंय इथं?"

"डाग," मी म्हटलं. मॅडमनी बोटानं ती कातडी हळूच दाबून बघितली. त्या मूळच्या अजिंठ्याकडच्या, त्यांना डाग सांगावा लागत नाही.

मग त्यांनी समजावलं. एरवी एवढी जुनी तूट असली की पोटरीपासून टाचेपर्यंत लांब चीर देऊन पाय उघडतात. पण ह्या जळलेल्या कातडीवर सुरी चालवली तर जखम भरायची नाही, आतपर्यंत सडेल. म्हणून डागाच्या बाजूनं दोन बारकी छिद्रं पाडायची. एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून हत्यार. तुटलेल्या शिरेच्या मागं, आत खोल, दुसरी एक शीर असते. पायाचा अंगठा वाकवते ती. ती तिथल्या तिथं सोडवून घ्यायची आणि टाचेच्या हाडाला भोक पाडून त्यात बसवायची.

"ती शेजारीच असते," मॅडम म्हणाल्या, "आणि चालताना घोडशिरीबरोबरच जोर लावते. म्हणून तिला हे काम जमतं."

आबा आपल्या अंगठ्याकडं बघत राहिले. "म्हंजी अंगठा द्यायचा?"

"अंगठा जागेवरच राहील. वाकवायचं बळ जाईल बरंचसं."

"मग दावं कशात धरू?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, आबा बसल्या जागी लोकरीचं दावं वळतात, त्याचं टोक अंगठ्याच्या बेचक्यात धरतात. वस्तीवरची सगळी दावी त्यांच्याच हातची.

"दावं खुंटीला बांधून वळता येईल बाबा," मॅडम म्हणाल्या. "टाच खुंटीला बांधून चालता येणार नाही."

आबांना हे पटलं. हसले नाहीत, पण मिशी हलली. "घ्या मग अंगठा. पर एक सांगा, दिवाळी झाली की डोंगरानं घाट उतरायचा असतो. कळपाच्या पुढं. ते व्हईल का?"

"रस्त्यानं चालाल, हे मी खात्रीनं सांगते. डोंगराचं तेव्हा बघू."

दुसरी कुणी डॉक्टर असती तर 'होईल होईल' म्हणून मोकळी झाली असती. मॅडमचं हेच मला आवडतं आणि ह्याचाच त्या दिवशी राग आला. ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, आषाढात तारीख मिळाली.

रोज मी पेशंट आत नेते, पण त्या दिवशी मला दाराबाहेर बसवलं. घरचं माणूस असलं की आत घेत नाहीत, नियमच आहे. आई माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून. ती म्हणली, "अंबे, ह्यांचं चालणं गेलं तर माणूस घरात बसून माझं डोकं खाईल गं." मग लगेच, "खाऊ दे. पर बसलेला बघवायचा नाय मला."

आबांना कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळं ते जागेच होते. बाहेर आणल्यावर मला म्हणले, "हाडाला भोक पाडताना गिरणीसारखा आवाज येत व्हता." पाय पोटरीपर्यंत पांढऱ्या प्लास्टरात, पाऊल खाली झुकवलेलं, चवड्यावर उभ्या माणसाचं असतं तसं. मॅडमनी पट्टीच्या आत नखाएवढे दोनच टाके असल्याचं सांगितलं. आईला वाटलं, काही केलंच नाही आणि आम्हाला बनवतायत. "एवढ्याशा भोकातून एवढं कसं व्हईल?" म्हणून तिनं मला तीनदा विचारलं.

पुढचे दिवस आमच्या खोलीवर कसे काढले ते माझं मला माहीत. वाघ पिंजऱ्यात बरा. पाय टेकवायचा नाही म्हटलं तर आबा खिडकीशी बसून खालच्या रस्त्यावरची कुत्री मोजायचे, आणि कुठलं कुत्रं कळपाला चाललं असतं ते सांगायचे. त्यात एक दिवस कडुबाकाका भेटायला आला. पिशवीत दही, बाजरीच्या भाकरी, आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी फडकं सोडलं तर विळा!

"शीर नवी हाय," काका मला समजावून सांगतो. "एक डाग दिला की घट धरंल."

"काका," मी म्हटलं, "गॅस पेटवलात तर तुम्हालाच डाग देईन. मागच्या तीन डागांनी आबांचा पाय उघडता येत नव्हता, कळलं का?"

काकाचं तोंड एवढंसं झालं. त्याला खरंच माहीत नव्हतं. भावासाठी जीव टाकणारा माणूस, पण अक्कल म्हणजे गुडघ्यात. तो आबांच्या पलंगापाशी खाली बसला आणि हमसून रडायला लागला. आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको कडुब्या. मीच दे म्हणलो व्हतो ना."

प्लास्टर निघाल्यावर मोठा बूट आला, आणि व्यायाम. व्यायाम शिकवणारी मेघा नावाची पोरगी, वयानं लहान पण आवाज फौजदाराचा. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, "आजोबा, अंगठा खाली दाबा."

आबांनी डोळे मिटून जोर लावला. अंगठा जागचा हलला नाही. टाच मात्र मागं ओढली गेली आणि पाऊल खाली झुकलं. आबांनी डोळे उघडले. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

"अंबे! मी अंगठ्याला सांगतोय अन् टाच ऐकतीय!"

"तीच तर शीर आहे आजोबा," मेघा म्हणाली. "तिला अजून वाटतंय, आपण अंगठ्याचंच काम करतोय."

"म्हंजी मेलेल्या मेंढीचं कोकरू दुसरीला लावतो तसं की!" आबा हसले. खदाखदा हसले. माझ्या लग्नातही मी त्यांना एवढं हसताना बघितलं नव्हतं. मग आख्खा दिवस येईल त्याला पाय दाखवत होते. खालच्या किराणावाल्यालाही वर बोलावून दाखवला.

दिवाळी आली तोवर बूट सुटला होता. आबा आमच्या गल्लीतून टीव्ही सेंटरपर्यंत, मागं कळप असल्यासारखे, जाऊन यायचे आणि लोक मुकाट्यानं बाजूला व्हायचे. पाडव्यानंतर मॅडमनी शेवटचं तपासलं. सपाटीवर चालवलं, छान. एकट्या उजव्या पायावर उभं करून टाच उचलायला लावली. बोटभर उचलली, पोटरी थडथड उडत होती. मग दवाखान्याच्या उभ्या उतारावरून खाली चालायला लावलं. दुसऱ्या पावलाला गुडघा दुमडला. मी धावले, पण त्यांनी भिंत धरली होती.

"बाबा," मॅडम म्हणाल्या, "रस्त्यानं कितीही चाला. डोंगराची उतरण यंदा नाही. ही शीर बारीक आहे, जाड व्हायला वर्ष लागेल. घोडशिरीएवढी ती कदाचित कधीच होणार नाही. मी खोटं सांगणार नाही."

आबांनी नमस्कार केला. रिक्षात बसल्यावर म्हणले, "जो पुढं चालत नाय तो धनगर कसला," आणि घरापर्यंत तोंड फिरवून बसले. अंगठा दिला, पावसाळाभर कोंडून घेतलं, ते ज्याच्यासाठी तेच हातचं गेलं. पहिल्यांदा मला वाटलं, कशाला आणलं मी ह्यांना जिन्यावरून खेचून?

निघायच्या दिवशी मी सुट्टी काढून वस्तीवर गेले. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, हलतो तेव्हा दोन भाग होतात. गडी माणसं मेंढरं घेऊन डोंगरानं जातात. बाया भांडीकुंडी घोड्यावर लादून, लहान कोकरं आणि लेकरं घेऊन गाडीरस्त्यानं घाट उतरतात. दिवसभर एकमेकांची गाठ नाही. संध्याकाळी गडी तळावर येतात तेव्हा चूल पेटलेली असते.

आबांनी आपली काठी शिवशंकरच्या हातात दिली. शिवा ती घेईना, रडवेला झाला होता. "घे रं," आबा म्हणले. "नाल्यावर डाव्या अंगानं घे. उजवीकडं ठिसूळ हाय." कळप चढावर दिसेनासा होईपर्यंत ते बघत उभे राहिले. कडुबाकाकाला गप्प राहणं कधी जमलं नाही. जाता जाता म्हणतो, "दादा, आता लुगडं नेसून घोडं हाक."

"हाकतील," आई घोड्यावरची गाठ आवळत म्हणली. "तुम्हाला नेसता येतं का कडुबा भावजी? तुमच्या बायकोला इचारते." काका पळाला.

आम्ही रस्त्याला लागलो. बाकीच्या बाया आपापली घोडी घेऊन मागं-पुढं पांगल्या होत्या. मी घाटाच्या तोंडापर्यंत जाणार होते, तिथून मला कन्नडची जीप. ट्रका अंगाला घासून जात होत्या, घोडं बिचकत होतं, आईच्या काखेत एक कोकरू, पुढ्यात सहा-सात मोकळी. आबा सवयीनं झपाझप पुढं निघाले.

"अवो!" आईनं हाक मारली. "हितं कुणी पुढं पळत नसतं. ट्रक आली की कोकरं आवरावी लागतेत. मागं या."

आबा थांबले. आई पोचेपर्यंत उभे राहिले. मग तिच्या बाजूनं, तिच्याएवढीच पावलं टाकत चालू लागले. एक ट्रक वळणावर भोंगा वाजवत आली, घोडं उभं राहिलं. आईनं एका हातानं घोडं धरलं, पायानं दोन कोकरं कडेला ढकलली, काखेतलं सोडलं नाही. ट्रक गेली. आबा हात लोंबते ठेवून तसेच बघत होते. बराच वेळ चालल्यावर म्हणले,

"दर साली असंच?"

"मग कसं?"

"एकटी?"

"एकटी कुठली? घोड्यावर शिवा बांधलेला असायचा. एका साली पोटात अंबी होती, सातवा चालू."

मी खाली बघत चालत होते. हे मला माहीत नव्हतं.

"अन् मी?" आबांनी विचारलं.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही, पाणी कुठाय विचारल्यावर विहीर दाखवावी तसं.

"तुम्ही पुढं होता."

आबांनी तिच्या काखेतलं कोकरू काढून स्वतःकडं घेतलं, आणि पुढच्या वळणाला ट्रकचा भोंगा ऐकू आला तेव्हा घोड्याच्या आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभे राहिले.